औषधखरेदीचे संगणकीय नियोजन : स्वनिर्मित पद्धतीची आवश्यकता

रुग्णसेवेशी निगडित असलेला, परंतु रुग्णाच्या नजरेस सहसा न पडणारा एखादा विषय वार्षिक अहवालाच्या निमित्ताने हितचिंतकांपुढे मांडावा, असा आमचा प्रयत्न असतो. या वेळी आम्ही औषधखरेदीच्या नियोजनाचा विषय निवडला आहे. डॉक्टरांनी रोगाचे अचूक निदान केले, योग्य औषध लिहून दिले आणि खिडकीपाशी 'शिल्लक नाही' असे उत्तर मिळाले, तर त्या निदानाचा रुग्णाला उपयोग काय? मग चिठ्ठी बाहेरच्या दुकानाकडे वळते. ज्याच्यापाशी पैसे आहेत तो औषध घेतो. ज्याच्यापाशी नाहीत तो अर्धीच औषधे घेतो किंवा रिकाम्या हाताने गावी परततो. मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग यांसारख्या दीर्घकालीन आजारांत अशा एका खंडाची किंमत पुढे कित्येक पटींनी मोजावी लागते.

औषध शिल्लक नसण्याचे कारण दरवेळी पैशांची टंचाई हेच असते, असे नाही. एका केंद्रात एक औषध संपलेले असते आणि वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्रात तेच औषध मुदतबाह्य होण्याच्या वाटेवर असते. खरेदी झालेली असते. परंतु कोणते औषध, किती, कोठे आणि केव्हा लागेल, याचा विचार खरेदीपूर्वी पुरेसा झालेला नसतो. निविदा काढणे म्हणजे खरेदी. निविदेत कोणता आकडा लिहावयाचा हे ठरविणे म्हणजे नियोजन. या लेखाचा विषय तो आकडा आहे.

दोन जिल्हे, अनेक ऋतुचक्रे

सातारा आणि सांगली हे जिल्हे मुळात एकाच घरातले. १९४९ साली दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली असे ठेवण्यात आले. २०११ च्या जनगणनेनुसार साताऱ्याची लोकसंख्या ३० लाख ३ हजार ७४१ आणि सांगलीची २८ लाख २२ हजार १४३ होती. कागदावर दोन्ही जिल्हे जवळपास सारखे दिसतात. लोकसंख्येच्या प्रमाणात औषधे वाटण्याचे ठरविले, तर दोघांना सारखाच वाटा मिळेल. परंतु आजार लोकसंख्येच्या तक्त्याप्रमाणे येत नाहीत.

महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातील माण तालुका दुष्काळासाठी ओळखला जातो. सांगलीत एकीकडे कृष्णा-वारणाकाठची उसाची हिरवी पट्टी आणि दुसरीकडे जत, आटपाडी, कवठेमहांकाळचा कोरडा मुलूख. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या कुटुंबकबिल्यासह येतात आणि काही महिने कृष्णाकाठच्या आरोग्य केंद्रांवर अवलंबून राहतात. त्यांची नावे त्या गावांच्या लोकसंख्येत नसतात. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या मार्गाने जाते, तेव्हा मार्गावरच्या केंद्रांना क्षारसंजीवनीची पाकिटे, मलमपट्टीचे साहित्य आणि तापाच्या गोळ्या एरवीपेक्षा कितीतरी अधिक लागतात. मिरजेच्या रुग्णालयांत तर १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी सुरू केलेल्या सेवेच्या काळापासून दूरदूरचे, उत्तर कर्नाटकातील सुद्धा, रुग्ण येत आले आहेत.

याखेरीज महापूर आहेच. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेच्या पुराने सांगलीला वेढले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पूर ओसरल्यावर अतिसार, त्वचारोग आणि लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. टीसीएल पावडर, डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, सलाइन यांची मागणी एकाएकी चढते. अशा वेळी मागणीपत्र मुंबईला पाठवून वाट पाहणे परवडत नाही. साठा पावसाळ्याआधीच, तोही पाणी पोहोचणार नाही अशा जागी, असावा लागतो.

हे सारे ज्ञान तालुक्यातील वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि औषधनिर्माण अधिकाऱ्याला अनुभवाने असतेच. प्रश्न असा की, ते खरेदीच्या आकड्यापर्यंत पोहोचते का? आणि त्या व्यक्तीची बदली झाली की ते मागे उरते का?

खरेदीची व्यवस्था कशी बदलत गेली

या क्षेत्रात तमिळनाडूचा दाखला नेहमी दिला जातो. तेथे १९९४ साली वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झाले आणि जानेवारी १९९५ पासून पुरवठ्याला आरंभ झाला. मध्यवर्ती दरनिश्चिती, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे, प्रत्येक खेपेची गुणवत्ता-तपासणी आणि प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे पासबुक, अशी ती रचना आहे. पासबुकात रुग्णालयाच्या वाट्याची रक्कम असते आणि त्या मर्यादेत रुग्णालय आपल्या गरजेप्रमाणे गोदामातून औषधे उचलते. दर ठरतो राज्याच्या पातळीवर. गरज ठरते रुग्णालयाच्या पातळीवर. या विभागणीत त्या व्यवस्थेचे बळ आहे.

राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ रोजी मोफत औषध योजना सुरू केली. तिच्यासाठी सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेची 'ई-औषधी' ही संगणकप्रणाली वापरात आली. सी-डॅकचे मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे. पुढे महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी ही प्रणाली स्वीकारली. लसींच्या साठ्यासाठी २०१५ पासून देशात 'ई-विन' ही व्यवस्था आली. तिच्यात शीतसाखळीतील प्रत्येक ठिकाणचा साठा आणि शीतपेटीचे तापमान दूरवरून पाहता येते.

महाराष्ट्रात २०१७ साली शासकीय रुग्णालयांच्या औषधखरेदीचे काम हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे एकत्रित करण्यात आले. त्यानंतर २०२३ साली कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाची तरतूद झाली. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले. शुल्क उठले की रुग्णांची रीघ वाढते आणि रीघ वाढली की जुने अंदाज कोलमडतात.

खरेदी करणारी संस्था कोणतीही असो, तिला खालून आलेल्या मागणीच्या आकड्यावरच काम करावे लागते. आकडा चुकीचा असेल, तर उत्तम चाललेली खरेदी चुकीची औषधे अधिक कार्यक्षमतेने आणून देते, इतकेच. साठा नोंदविणारी प्रणाली 'आज काय आहे' ते सांगते. 'पुढच्या वर्षी काय लागेल' हे सांगण्यासाठी तिच्यावर आणखी एक मजला चढवावा लागतो. तो मजला म्हणजे नियोजन-प्रणाली.

मागणीच्या गणितातील एक सापळा

बहुतेक ठिकाणी मागणीपत्र तयार करण्याची रूढ रीत अशी : गेल्या वर्षीचा वापर घ्यावा आणि त्यात दहा टक्के वाढ धरावी. वरवर पाहता ही रीत समंजस वाटते. तिच्यात काय दडले आहे, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू.

समजा, एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाची एक गोळी रोज २०० या प्रमाणात लागते. म्हणजे वर्षाची खरी गरज ७३,००० गोळ्यांची. गेल्या वर्षी ही गोळी १०० दिवस शिल्लकच नव्हती. उरलेल्या २६५ दिवसांत ५३,००० गोळ्या दिल्या गेल्या. नोंदवहीत वर्षाचा वापर ५३,००० दिसतो. त्यावर दहा टक्के वाढ धरून ५८,३०० गोळ्यांची मागणी जाते. ती सर्वच्या सर्व, वेळेवर आणि कोणताही तुटवडा न होता मिळाली, तरी २९१ दिवसांत संपते. पुन्हा सुमारे अडीच महिने खिडकी रिकामी!

म्हणजे तुटवडाच पुढच्या वर्षीच्या तुटवड्याला जन्म देतो. औषध नसल्यामुळे वापर झाला नाही, हे वास्तव नोंदवहीत 'गरज नव्हती' असे उमटते. यावर उपाय साधा आहे. एकूण वापराला साठा शिल्लक असलेल्या दिवसांनी भागावे आणि येणाऱ्या दैनिक सरासरीला ३६५ ने गुणावे. वरच्या उदाहरणात ५३,००० भागिले २६५ म्हणजे २००. गुणिले ३६५ म्हणजे ७३,०००. मात्र यासाठी औषध कोणत्या तारखेला संपले आणि कोणत्या तारखेला परत आले, या दोन तारखा ठाऊक असाव्या लागतात. शेकडो औषधे आणि डझनावारी केंद्रे यांच्यासाठी हे काम हाताने होणे अशक्य. संगणकाला ते काही क्षणांचे. औषध नसताना परत गेलेल्या रुग्णांचीही नोंद ठेवली, तर अंदाज आणखी पक्का होतो.

दुसरा आकडा पुन्हा मागणी केव्हा करावी याचा. मागणीपत्र पाठविल्यापासून माल हाती येईपर्यंत चार महिने लागत असतील, तर रोज २०० प्रमाणे १२० दिवसांच्या २४,००० गोळ्या हाती असतानाच मागणी गेली पाहिजे. त्यात उशीर गृहीत धरून दोन महिन्यांचा राखीव साठा, म्हणजे १२,००० गोळ्या मिळविल्या, तर ३६,००० हा धोक्याचा आकडा ठरतो. कृष्णेच्या पुलावर जशी धोक्याची पातळी रंगवलेली असते, तशी प्रत्येक औषधाची पातळी प्रणालीत लिहिलेली असावी. साठा त्या पातळीला आला की प्रणालीने स्वतःहून सूचना द्यावी. मागविलेला परंतु अद्याप न आलेला माल हिशेबात धरला नाही, तर एकच मागणी दोनदा जाते आणि पुढे मुदतबाह्य औषधांचा ढीग साचतो, हेही लक्षात ठेवावे लागते.

जेथे सरासरी चालत नाही

काही औषधांना हे गणितही लागू पडत नाही. नागपंचमीमुळे सर्वत्र ठाऊक असलेल्या बत्तीस शिराळ्यापासून कोयनेच्या खोऱ्यापर्यंतचा प्रदेश घ्या. भात आणि ऊस, दाट झाडी, पावसाळा. येथे सर्पदंशाचा रुग्ण केव्हा येईल हे कोणी सांगावे? आपल्याकडे मिळणारी सर्पविषप्रतिबंधक लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. विषबाधेची लक्षणे दिसताच पहिल्या मात्रेतच आठ ते दहा कुप्या द्याव्या लागतात.

एखाद्या केंद्रात वर्षातून असे दोनच रुग्ण येतात असे धरू. वर्षाचा वापर २० कुप्या, तर महिन्याची सरासरी दोनहूनही कमी. 'तीन महिन्यांचा साठा ठेवावा' हा सर्वसाधारण नियम लावला, तर त्या केंद्रात पाच कुप्या राहतील. एका रुग्णाच्या पहिल्या मात्रेलाही त्या पुरणार नाहीत. येथे हिशेब सरासरीचा नको. एका वेळी एक किंवा दोन रुग्णांना किती लागेल, याचा हवा. त्यासोबतच, मुदत संपण्याच्या काही महिने आधी त्या कुप्या अधिक रुग्ण येणाऱ्या मोठ्या रुग्णालयाकडे वळवून बदल्यात ताज्या कुप्या देण्याची सोय हवी. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशविषयक राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. त्या उद्दिष्टाची वाट अशा लहानशा नियमांतून जाते.

म्हणून प्रणालीत औषधांची दुहेरी प्रतवारी लागते. एक प्रतवारी खर्चाची : थोडी औषधे बहुतांश रक्कम खातात, त्यांच्यावर बारीक लक्ष हवे. दुसरी प्रतवारी निकडीची : प्राणरक्षक, आवश्यक आणि उपयुक्त. स्वस्त परंतु प्राणरक्षक औषध, उदाहरणार्थ ॲड्रिनॅलिन किंवा प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबविणारे ऑक्सिटोसिन, खर्चाच्या यादीत तळाशी असते आणि म्हणूनच दुर्लक्षिले जाते. दोन्ही प्रतवाऱ्या एकत्र पाहिल्या तरच ते डोळ्यांपुढे येते.

प्रणाली स्वतःच का घडवावी

तयार प्रणाली बाजारात विकत मिळतात. मग आरोग्य विभागाने ही उठाठेव स्वतः का करावी? आमच्या मते याची तीन कारणे आहेत. पहिले असे की, वर सांगितलेले नियम स्थानिक आहेत आणि ते सतत बदलतात. वारीचा मार्ग, गाळप हंगामाची सुरुवात, पूररेषेतील उपकेंद्रे या गोष्टी परक्या कंत्राटदाराला प्रत्येक वेळी समजावून, प्रत्येक बदलाचे वेगळे पैसे मोजून घडवून घेणे व्यवहार्य नाही. दुसरे, कंत्राट संपल्यावर प्रणालीची मूळ आज्ञावली आणि वर्षानुवर्षांची माहिती कोणाच्या ताब्यात राहते, हा प्रश्न उरतो. तिसरे आणि महत्त्वाचे, गणित ज्यांनी स्वतः मांडले त्यांनाच ते तपासता आणि दुरुस्त करता येते. यंत्राने दिलेला आकडा निमूटपणे पुढे पाठविणे म्हणजे नियोजन नव्हे.

स्वतः घडविणे म्हणजे सारे शून्यातून उभारणे नव्हे. साठ्याच्या नोंदी शासकीय प्रणालीत होतच असतात. त्या दुसऱ्यांदा भरावयास लावू नयेत. तेथून उचलून त्यांच्यावर नियोजनाची आकडेमोड करावी. आरंभ एका साध्या गणनपत्रकानेही होऊ शकतो. कामाचा क्रम मात्र पाळावा लागतो.

पहिली पायरी, एकच औषधयादी. एकाच औषधाची चार व्यापारी नावे चार ओळींत असतील, तर कोणताही हिशेब जुळणार नाही. औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि एक क्रमांक निश्चित करावा. दुसरी पायरी, एकच माप. एकजण गोळ्या मोजतो, दुसरा पट्ट्या, तिसरा खोके; बेरीज निरर्थक होते. तिसरी, प्रत्येक खेपेची मुदत नोंदवून 'ज्याची मुदत आधी संपते ते आधी वापरावे' हा दंडक. चौथी, वर वर्णिलेली आकडेमोड. पाचवी, वर्षाचे खरेदीपत्रक : कोणती निविदा कोणत्या महिन्यात, कोणता दरकरार केव्हा संपतो आणि माल किती हप्त्यांत यावा. मार्चअखेरीस सारी खरेदी उरकली, तर एकाच मुदतीचा माल एकदम येतो आणि एकदमच मुदतबाह्य होऊ लागतो. हप्त्यांनी पुरवठा घेतल्यास हे टळते. सहावी पायरी, अंदाज आणि प्रत्यक्ष वापर यांची दरमहा तुलना आणि त्यावरून नियमांची दुरुस्ती.

अडचण यंत्राची असते तशी रचनेचीही असते. जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतात, जिल्हा रुग्णालय आणि ग्रामीण रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या, तर वैद्यकीय महाविद्यालय वेगळ्याच विभागाच्या. रुग्ण मात्र एकच. आज केंद्रात, उद्या जिल्हा रुग्णालयात, परवा मिरजेला. तीनही ठिकाणचा साठा एका पडद्यावर दिसला आणि एकमेकांस उसनवारीने देण्याची रीतसर मुभा असली, तरच एकीकडचा तुटवडा दुसरीकडच्या अतिरिक्त साठ्याने भरून निघेल.

या भागाला संगणक नवा नाही. १९९८ साली वारणा खोऱ्यात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्यात अनेक सेवांची कल्पना होती. टिकून राहिला तो उसाचा व्यवहार, कारण त्यात शेतकऱ्याचे रोजचे काम होत होते. पुढे तेच काम मोबाइलवरच्या संदेशांनी होऊ लागले. त्यापासून घेण्याजोगा धडा असा की, नोंद करणाऱ्याचे स्वतःचे काम ज्या प्रणालीने हलके होते, तीच चालते. औषधनिर्माण अधिकाऱ्याला नोंदवहीही लिहावी लागली आणि संगणकही भरावा लागला, तर दोन्हींतील आकडे काही महिन्यांतच एकमेकांशी भांडू लागतात. पडदा मराठीत असावा आणि पाटण-महाबळेश्वरच्या डोंगरात संपर्क तुटला तरी नोंद थांबू नये, इतकी काळजी तरी घ्यावीच लागेल.

मर्यादा आणि आमचा संबंध

संगणकाने निधी वेळेवर येत नाही, पुरवठादार शब्द पाळत नाही आणि रिक्त पदेही भरली जात नाहीत. परंतु विलंब नेमका कोठे झाला, मागणीत, मंजुरीत, निविदेत की पुरवठ्यात, हे तारखांसह समोर येते. आज 'औषध नाही' या तक्रारीला कोणी धनी नसतो. तारखा बोलू लागल्या की उत्तरदायित्व ठरते.

आमच्यासारख्या विश्वस्त रुग्णालयाने यात लक्ष घालण्याचे कारण उघड आहे. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ अअ नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने आखून दिलेल्या, २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात. एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. निर्धन रुग्णाला दिलेल्या औषधांची खरेदीकिंमत त्याच निधीतून वजा होते. म्हणजे घाईघाईने चढ्या दराने घेतलेल्या प्रत्येक औषधामागे निधीतील काही रुपये आणि पर्यायाने दुसऱ्या एखाद्या गरीब रुग्णाचा वाटा कमी होतो. शासकीय केंद्रातील औषध संपले की तोच रुग्ण आमच्या दारी येतो. त्यामुळे सार्वजनिक आरोग्य विभागाचे नियोजन आणि आमचे नियोजन या परस्परांपासून अलग गोष्टी नाहीत.

देणगीदार इमारतीला, यंत्राला, खाटेला उदार हस्ते साहाय्य करतात. त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. औषधभांडारातील हिशेबाला फलक लावता येत नाही, त्याचे उद्घाटनही होत नाही. तथापि जतच्या किंवा पाटणच्या एखाद्या वृद्धेला महिन्याच्या गोळ्या खंड न पडता मिळाल्या, तर त्यामागे असा हिशेब कोणीतरी चोख ठेवलेला असतो. दोन्ही जिल्ह्यांतील शासकीय यंत्रणा, विश्वस्त रुग्णालये आणि येथील अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांतील जाणकार यांनी या कामी एकत्र यावे, अशी आमची विनंती आहे. त्या कामात आमच्या वाट्याचा भार उचलण्यास आम्ही सिद्ध आहोत.